खड्ड्याशेजारचा उंचवटा

देवाच्या फळीखाली दादांचे दोन डबे असायचे. एक लाकडी, आतून लाल मखमल लावलेला, मुळात कुणाचा तरी साज ठेवायला केलेला. दुसरा बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावरचं चित्र केव्हाच पुसून गेलेला. दोन्हींत जुनी नाणी असत. प्रत्येक नाणं वहीच्या कागदाच्या पुडीत, आणि पुडीवर दादांच्या बारीक, कोरल्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. लाकडी डब्यातल्या पुड्यांवर ‘टाकसाळ’, पत्र्याच्या डब्यातल्या पुड्यांवर ‘मार’. आता सत्तरी उलटल्यावर लहानपणाचं लिहायला बसले, तर शाळा, मैत्रिणी, रंकाळ्यावरची भेळ यातलं काहीच आधी पुढे येत नाही. हे डबेच येतात. यायला नको आहेत, तरी येतात.

दादा म्हणजे माझे वडील. कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सोनारपेठेच्या, मागच्या बोळात वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या आणि खाली त्यांची काम करायची खोली. जातीनं सोनार, पण दागिने करणारे नव्हेत. दागिन्यांचे ठसे कोरणारे. कोल्हापुरी साजात मासा, कासव, बेलपान अशी जी पानं ओवलेली असतात, ती सोन्याचा पातळ पत्रा पोलादी ठशावर दाबून उठवतात. तो ठसा उलटा आणि खोलगट कोरायचा, मग तापवून त्याला पाणी द्यायचं, हे दादांचं काम. एकेका ठशाला महिना जाई. बोळात दिवसभर हातोड्या चालत, पण दादांचा ठोका त्यात वेगळा ओळखू यायचा. बारीक, एकसारखा, कधी न चुकणारा. वर आई भाकरी थापायची तीसुद्धा नकळत त्याच तालावर. ठोका थांबला की ती चहाचं आधण ठेवी. खालून हाक यायची वाटच बघत नसे. जिन्यात खालून राळेचा वास यायचा आणि वरून कांदा-लसणाच्या चटणीचा, आणि मधल्या पायरीवर दोन्ही एकत्र होत. अजूनही कुठे राळ जळताना वास आला की मला भूक लागते.

नाण्यांचा नाद दादांना ठशांमुळेच लागला. नाणंसुद्धा ठशानंच उठवतात, त्यामुळे नाणं कुठे चुकलं ते त्यांना घरातल्या गोष्टीसारखं कळायचं. गुजरीतले सोनार मोडीत आलेले राजाराणीचे रुपये, भोकाचे पैसे वितळवण्याआधी त्यांना दाखवून घेत. काही विचित्र दिसलं की “जा, ठसेवाल्याला इचारून ये” असं म्हणत. टाकसाळीतून चुकून निघालेल्या नाण्याला शौकीन लोक चांगला भाव देतात, आणि मार खाल्लेल्या नाण्याला वजनापलीकडे काही नाही. दिसायला मात्र दोन्ही सारखीच वेडीवाकडी. दादांचा निर्णय शेवटचा असे, आणि त्यात ते मुरवत ठेवत नसत. सख्ख्या मेहुण्याचं नाणं असलं तरी मार म्हणजे मार.

मी नऊ-दहा वर्षांची झाल्यापासून ते मला शेजारी बसवून घेत. बाजाराला सुट्टी असली की सकाळच्या उन्हात खिडकीशी पाट मांडून आम्ही दोघं बसायचो. भिंग लगेच मिळत नसे. आधी नुसता डोळा, मग बोट, मग भिंग. “टाकसाळीची चूक म्हंजे जन्माची चूक,” दादा सांगत. “नाणं तयार हुतानाच तसं झालं, त्येला कुणी काय केलं न्हाय. मार म्हंजे भाईर आल्यावर जगानं केलं त्ये. वळखायचं कसं? मारात धातू हलतो. खड्डा पडला, मग तिथला धातू गेला कुठं? कुठं जात न्हाय. शेजारीच उचलून बसतो. खड्डा घावला की शेजारी उंचवटा शोध. उंचवटा हाय, म्हंजे मार हाय.” कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेलं नाणं आलं, तर कापलेली कड न बघता समोरची बघायची. तुकडा टाकसाळीतच कमी पडला असेल तर समोरची कडही फिकट उठते. कुणी कातरीनं कापला असेल तर समोरची कड ठणठणीत असते. भोकाच्या पैशाचं भोक एका बाजूला सरकलेलं असलं तर भोकाची धार बोटानं चाचपायची; धातू उचललेला लागला की भोक मागून पाडलेलं. वाकलेलं नाणं ठोकून सरळ करून आणणाऱ्यांवर मात्र ते फार भडकत. “सरळ केलं म्हंजे मार गेला व्हय? मार न्हाय गेला, पुरावा गेला.” आणि पत्र्याच्या डब्यातल्या पुडीवर नुसतं ‘मार’ लिहून त्यांचं भागत नसे. मार हातोडीचा, मार जाळाचा, मार चिमट्याचा. कशाचा ते लिहिल्याशिवाय पुडी बंद व्हायची नाही.

ठसाच मोडका असला तर काय होतं, हे मी एकदा विचारलं. दादांनी फळीवरून एक कासवाचा ठसा काढला. त्याच्या मागच्या पायाशी टवका उडालेला होता. त्यावर शिशाचा पत्रा ठोकून त्यांनी मला दाखवला. कासवाच्या पायाशी तिळाएवढा गोळा उठला होता. “ठशात खड्डा, तर नाण्यावर गोळा. ह्यो मार न्हाय. ही चूक.” “हा कुणी मोडला, दादा?” “पडला,” ते म्हणाले आणि ठसा परत फळीवर मागे सारला. आमच्याजवळ तांदूळ निवडत बसलेली आक्का ताट तसंच टाकून आत गेली. मला त्यात काही वाटलं नाही. तेव्हा मी नाणी बघायला शिकत होते, माणसं नव्हे.

आक्का, म्हणजे सुशीला, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. तिला डाव्या कानानं ऐकू येत नसे. जन्मापासूनच, फक्त पाच वर्षांची होईपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही, असं घरात सगळे सांगत. आईनं पोटुशी असताना ग्रहणात विळीला हात लावला म्हणून पोरीचा कान गेला, असा निकाल माझ्या आजीनं, दादांच्या आईनं, देऊन ठेवला होता. आजी गेली तरी निकाल राहिला. आईला तो पुरता मान्य होता. मी मोठी होईपर्यंत प्रत्येक ग्रहणाला आई विळी ट्रंकेत घालून ट्रंकेला कुलूप लावायची आणि वेध सुटेपर्यंत भिंतीला टेकून बसायची, तोंडात पाण्याचा थेंब न घेता. पोटात मूल नसतानासुद्धा. दादा तिला एका शब्दानं कधी बोलले नाहीत. “मनाला लावून घेऊ नकोस” असंसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट मी रोज बघत होते आणि बघत नव्हते. दादा काम आटपून वर आले की दाराशेजारच्या खुंटीवरचा सदरा काढायला हात वर करत. आक्का जवळपास असली की तिची मान खांद्यात जायची आणि डाव्या हाताचा तळवा कानाशी. क्षणभरच. मग ती पुन्हा पीठ मळायला लागायची. मला वाटे, लकब आहे. मला तर दादांनी आयुष्यात एक चापट मारलेली नव्हती, आणि हे मी शाळेत मोठ्या तोऱ्यात सांगत असे, कारण बाकीच्या मुलींच्या अंगावर वळ असायचे.

मी चौदा वर्षांची असताना जवळच्याच मलकापूरचं स्थळ आलं. बाजारपेठेत सोन्याचांदीचं छोटं दुकान, मुलगा वडिलांच्या हाताखाली शिकलेला. याआधीची दोन स्थळं कानावरूनच परत गेली होती, त्यामुळे आईनं चार दिवस आधीपासून अन्न गोड लागू दिलं नाही, ना स्वतःला ना आम्हाला. पाहुणे सकाळच्या एसटीनं आले. मुलगा, त्याचे वडील आणि त्याची आत्या. वडील धिप्पाड, बोलणं मोठं आणि मोकळं. आक्का शिऱ्याच्या बशा देऊन सतरंजीच्या कडेला बसली, आणि आता मुलीला प्रश्न विचारायचे तर या गृहस्थांनी रुमालाची गाठ सोडून एक रुपया बाहेर काढला.

“पावणं, तुमचं नाव ऐकून आणलाय. आमच्या आज्यापासनं घरात हाय. एका अंगाला राजाचं तोंड वर उठलेलं, दुसऱ्या अंगाला त्येच तोंड उलटं, आत गेलेलं. टाकसाळीची चूक हाय म्हणत्यात. बघा की.”

दादा खिडकीशी गेले. आधी डोळा, मग बोट, मग भिंग. आई दाराआडून मला खुणा करत होती, त्यांना गोड बोलायला सांग म्हणून. मी मुद्दाम बघितलं नाही. मला दादांचा तो उन्हातला चेहरा फार आवडायचा.

“मार हाय,” दादा म्हणाले. “टाकसाळीत असं हुतं कवाकवा. आधीचं नाणं ठशालाच चिकटून ऱ्हातं आनि पुढच्यावर त्येचं तोंड उमटतं. पर तवा ह्या अंगाला दुसरं काय नसतं. हितं बघा, तोंडाखाली वेलीचा माग हाय, अक्षरं चेपल्यात. म्हंजे रुपया आधी चांगला पुरा झालता. मग कुणीतरी दोन रुपये एकावर एक ठेवून वरनं घन घातलाय. ही कड बघा, कशी भाईर फुगलीया.”

गृहस्थांचा चेहरा पडला. मग ते एकदम हसले, मांडीवर थाप मारून. “पोरगी दाखवायच्या दिवशी मानूस साखर पेरतंय, आनि तुमी खरं बोललासा! असल्याच घरात सोयरीक करावी.” दाराआड आईनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. आक्का खाली मान घालून बसली होती, पण तिच्या गालात हसू होतं. मुलगाही तिच्याकडे बघून हसत होता. साधा, सावळा, जरा लाजराच होता तो.

आत्याबाई आक्काच्या डाव्या अंगाला बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, “सैपाक समदा येतोय न्हवं?” आक्का गप्प. त्यांनी पुन्हा विचारलं. आक्का गप्पच. तेव्हा तो मुलगाच म्हणाला, “आत्या, ह्या बाजूला येऊन इचार. त्या कानानं कमी ऐकू येतंय वाटतं त्येस्नी.” त्यात हिणवणं अजिबात नव्हतं. पाणी जरा इकडे सरकवा म्हणावं, तसं तो म्हणाला.

मग त्याचे वडील बोलू लागले. आता आवाज खाली आला होता. “आमच्या थोरल्याचं पोर जन्मापासनं मुकं-भैरं हाय. घरात बघवत न्हाय. म्हणून एवढंच इचारतो, राग मानू नगासा. पोरगी पडली झडली असंल, कानाला काय लागलं असंल, तर आमची कायसुदीक हरकत न्हाय. जन्माचं असंल तर मातूर भ्या वाटतंय. दागदर नगं, कागूद नगं. आत्ताच तुमचा खरेपणा बघितलाय. तुमी सांगा, जन्माचं का मागनं झालेलं?”

दाखवायला बसलेली मुलगी मान वर करत नाही. आक्कानं केली. सरळ दादांकडे बघितलं, डोळे मोठे करून, आणि बघतच राहिली. दादांच्या हातात अजून तो रुपया होता. ते रुपयाकडे बघत होते. खालच्या बोळातल्या हातोड्या त्या दिवशी मला पहिल्यांदा नकोशा वाटल्या.

“जन्माचं,” दादा म्हणाले.

पाहुण्यांनी चहा घेतला. वागण्यात कुठे कमी केलं नाही. गृहस्थांनी रुपया रुमालात बांधला, हात जोडले. मुलानं जिन्याच्या तोंडाशी वळून एकदा मागे बघितलं, मग तोही उतरला.

आई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली, ग्रहणात बसायची तशीच. “माझ्याच हातनं झालं,” ती म्हणत होती. “त्या दिवशी विळी धरली न्हसती तर आज माझी पोरगी उजवली असती. मीच खाल्लं तिचं नशीब.” आक्का तिच्यासमोर उभी होती. दादा या वेळी कामावरून वर आलेले नव्हते, ते खोलीतच होते. त्यांना फक्त तिथून निघायचं होतं. त्यांनी खुंटीवरचा सदरा काढायला हात वर केला. आक्काची मान खांद्यात गेली आणि तळवा कानाशी गेला.

मी ते बघितलं. पाच वर्षं उन्हात बसून जे शिकले होते, त्या डोळ्यांनी बघितलं. जन्मापासून ऐकू न येणारा कान हाताला कशाला भिईल? मला विचार करायलाही वेळ मिळाला नाही, तोंडातून निघूनच गेलं. “आक्का, तुला कुणी मारलंतं का गं कानावर?”

दादांचा हात खुंटीवरच राहिला. आक्का आईपुढे खाली बसली. “गिराण न्हाय आई,” ती म्हणाली. “ह्या शालीच्या येळंला तू बाळंतपणाला कागलला म्हायेरी गेलतीस तवा. मी खेळताना दादांचा कासवाचा ठसा फरशीवर पाडला. टवका उडाला त्येचा. त्येनी एक दिली कानाखाली. एकच. मग कानातनं रगात आलं.”

आईनं तिला दंडाला धरून जवळ ओढलं. “आजपत्तोर बोलली का न्हाईस?”

“आजी म्हणाली, आईला सांगू नगंस, वली बाळंतीण हाय, दूध आटंल तिचं. मग तू आलीस तवा समदी गिराण-गिराण म्हणाया लागली. मला वाटलं मोठ्या मानसांस्नी जास्त म्हाईत असतंय.”

दूध आटेल. म्हणजे माझं दूध. मी त्या वेळी दोन आठवड्यांची असेन. आक्काच्या चौदा वर्षांच्या गप्प बसण्यावर मी पोसले, आणि तोरा मिरवला तो दादांनी मला कधी चापट मारली नाही याचा. एकदा मारून ते घाबरले होते, म्हणून मला मारलं नाही. एवढाच त्याचा अर्थ होता. दादा सदरा खांद्यावर टाकून जिना उतरले. त्या दिवशी खालून ठोका ऐकू आला नाही.

“मी जातो मलकापूरला उद्याच्या गाडीनं. सांगतो त्येस्नी,” आई म्हणाली. आमच्याकडच्या बायका ‘जातो’च म्हणतात. आक्कानं तिला अडवलं. “नगं जाऊस. हुणाऱ्या सोयऱ्याच्या नाण्याला मार म्हणनारा मानूस पोटच्या पोरीवर खोटं बोलंल, ह्ये कोन खरं धरंल? आईच बनवाबनवी करतीया म्हणतील.” आई तरी गेली, एकटी. दिवस कलायच्या आत परत आली. त्यांनी तिला चहा दिला, जेवायचा आग्रह केला, आणि आक्का म्हणाली होती तेच, पण फार सौम्यपणे, त्या गृहस्थांनी तिला सांगितलं. मुलगा दुकानात होता. त्यानं वर बघितलं नाही, असं आई म्हणाली.

दादांनी असं का केलं, हा प्रश्न मी पुष्कळ वर्षं उगाळला. परक्यांसमोर, बायकोच्या देखत, मुलीला बहिरं केलं म्हणायची लाज वाटली असेल. चौदा वर्षं खोटं ऐकून ऐकून त्यांनाही ते खरं वाटू लागलं असेल. आपल्या माणसाला सवलत द्यायला आपण काहीही कारणं शोधतो, मीही त्यांच्यासाठी शोधली. एकही पुरलं नाही. माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

त्यानंतर आई दादांशी कधी सरळ बोलली नाही. “शाली, सांग त्येस्नी, पान वाढलंय,” असं ती त्यांच्यासमोरच मला म्हणायची. खालचा ठोका थांबला तरी आधण चढत नसे. दादा स्वतः वर येऊन चहा करून घेत. एक बदल चांगला झाला. पुढच्या ग्रहणाला आईनं विळी ट्रंकेत ठेवली नाही. वेध लागलेले असताना ती खोलीच्या मधोमध बसून गवारी चिरत होती, गरजेपेक्षा कितीतरी जास्त गवारी. मला दादांनी पुन्हा खिडकीशी बोलावलं नाही, मीही गेले नाही. गुजरीतले लोक नाणी घेऊन येत राहिले आणि त्यांच्या निर्णयावर विसंबून राहिले. नाण्यांच्या बाबतीत ते शेवटपर्यंत चुकले नाहीत. आक्काचं लग्न झालं नाही. ती बायकांचे झंपर शिवत वरच्या खोलीत राहिली. माझं लग्न होऊन मी इचलकरंजीला गेले. आई आधी गेली. मग आक्कानंच दादांचं सगळं केलं, अगदी हात थरथरायला लागल्यावर घास भरवण्यापर्यंत.

दादांचं दिवसपाणी उरकल्यावर आम्ही दोघी बहिणी डबे घेऊन बसलो. लाकडी डब्यातली नाणी त्यांनी एका सोनारमित्राला द्यायला सांगितली होती, ती बाजूला काढली. पत्र्याच्या डब्याला गिऱ्हाईक नव्हतं. मी एकेक पुडी उघडून बघत होते. मार हातोडीचा. मार जाळाचा. मार चिमट्याचा. अगदी तळाशी एक पुडी होती, कागद पिवळा पडलेला, घड्यांवर फाटायला आलेला. आत नाणं नव्हतं. लहान मुलीच्या कानातली सोन्याची बाळी होती, एका अंगानं चपटी झालेली. दादांच्या हाताला ती गोल करायला अर्धं मिनिट लागलं नसतं. त्यांनी ती तशीच ठेवली होती.

“काय लिवलंय?” आक्कानं विचारलं. तिचा चष्मा खाली राहिला होता. मी वाचलं. मी तिच्या डाव्या अंगाला बसले होते, तिला ऐकू गेलं नाही. तिनं मान वळवून उजवा कान पुढे केला. मी पुन्हा मोठ्यानं वाचलं.

“मार, हाताचा.”

आक्कानं पुडी माझ्या हातून घेतली आणि दिसत नसताना त्या अक्षरांकडे बघत राहिली. “दोन शब्द,” ती म्हणाली. “एवढंच बोलायचं हुतं की त्या दिवशी.”

मी म्हटलं, गुजरीत कुणाकडून तरी सरळ करून आणू या का? आक्कानं बाळी कागदात ठेवली, जुन्याच घड्यांवरून पुडी बांधली आणि डब्याच्या तळाशी, होती तिथंच ठेवली.

“नगं,” ती म्हणाली. “सरळ केली तर कुणाला कळायचं न्हाय.”